दम मोजणारा ठोकळा

"मॅडम, दम मोजता येते का? आन येत असन, त माहा मोजून द्या ना!"

मित्रांनो, हा प्रश्न रीतानं विचारला तेव्हा ती माझ्यावर बसलेली होती. विचारून टाकला खरा, पण लगेच तिच्या टाचा माझ्या अंगावर टकटक वाजायला लागल्या. प्रश्न मुळी तिचा नव्हताच. वर्गातल्या उर्वशीनं पैज लावली होती, "नागपूरच्या मॅडमले इचारून दाखव, त माह्या डब्यातली आखी बोरं तुही!" बोरं रीताला मिळाली. पण त्या प्रश्नानं पुढे जे झालं, ते पाहून माझ्यासारखं लाकूडसुद्धा थक्क झालं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी एक जुना सागवानी ठोकळा आहे. कुरखेड्याच्या पुढे, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून एक शाळा आहे ना, तिथला. हसू नका! ठोकळा म्हटलं की लोक डोक्यानं मंद असलेल्या माणसाकडे बोट दाखवतात. पण माझं खानदान साधंसुधं नाही. मी ज्या सागाचा तुकडा आहे, तो आलापल्लीच्या जंगलात उभा होता. इतका उंच, की शेंड्यावरचं ऊन बुंध्याजवळच्या पाचोळ्यानं कधी बघितलंच नसेल. शाळेच्या दरवाजांसाठी त्याच्या फळ्या आल्या. दरवाजे झाले, आणि जे उरलं त्यातून गुलाब मिस्त्रींनी मला ठोकला. कशासाठी? तर सरपंचबाई ठेंगण्या होत्या आणि झेंड्याची गाठ उंच होती! पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी, वर्षातून एवढे दोनच दिवस माझी नोकरी. बाकी दिवस आराम.

मग शाळेत खेळाचे एक सर आले. त्यांनी मला पाहिलं, पट्टी आणली, माझी उंची मोजली आणि चक्क टाळी वाजवली. "अरे, हा तर बरोबर पायरीचाच आहे!" असं म्हणून त्यांनी मला लाल रंग दिला. त्या दिवसापासून मी परीक्षा घेणारा झालो. मुलांनी माझ्यावर चढायचं आणि उतरायचं. एक जण ताटावर चमच्यानं ताल द्यायचा आणि बाकीचे ओरडायचे, "वर, वर, खाली, खाली!" तीन मिनिटं झाली की थांबायचं आणि सर मनगट धरून नाडी मोजायचे. काम सगळ्यांना सारखंच. ज्याचं हृदय त्या कामानं कमी गोंधळतं आणि लवकर शांत होतं, त्याच्या अंगात दम जास्त. किती साधी गोष्ट आहे! आणि ती माझ्या पाठीवर घडत होती! पोरांचे तळपाय पडायचे तेव्हा त्यांच्या छातीतली धडधड मला थेट फळीत ऐकू यायची. सगळ्यांच्या छातीत तीच धडधड, पण प्रत्येकाची चाल निराळी.

सरांची बदली झाली आणि माझे दिवस फिरले. मला मोडक्या बाकांच्या खोलीत ढकललं. एका कोंबडीनं माझ्या पोटाखाली अंडी घातली. रंग उडाला. शेवटी कुणीतरी मला बाहेर काढून मैदानाच्या कडेला, चिंचेखाली ठेवलं. बसायला. आणि बसायला येणारी एकच होती. रीता.

रीता म्हणजे मनसाराम आणि कुंताबाईंची मुलगी. घर तलावावर जगणारं. बाप जाळं टाकतो, आई मासोळ्यांची टोपली घेऊन बाजाराला जाते. रीता लहान असताना दोन-तीन पावसाळे तिची छाती घरघरली होती. तेव्हा कुंताबाईंनी तिला पोटाशी धरून, एसटीत उभ्यानं, कुरखेड्याच्या दवाखान्यात किती खेपा घातल्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्या दिवसांपासून त्यांनी एक वाक्य जिभेवर बांधून ठेवलं. नव्या बाई आल्या, नवे सर आले, की शाळेच्या दारात उभं राहून सांगायचं, "हिले दम हाय. पळवू नोका."

दम हाय. म्हणजे दम्याचा त्रास आहे. हे वाक्य आपल्याकडे कुणालाही कळतं. म्हणून खेळाच्या तासाला बाकीच्या पोरी कबड्डी खेळायच्या, आणि रीता माझ्यावर बसून चिंचेचा पाला तोडत राहायची. मला तिची धडधड ऐकू यायची. नुसती बसलेली असताना इतकी संथ धडधड मी कधी ऐकली नव्हती. तलावाचं पाणी दुपारी कसं पडून असतं, तशी. मला वाटायचं, ओरडून सांगावं! पण ठोकळ्याला तोंड कुठून आणायचं?

आणि एक दिवस संघप्रिया मॅडमची जीप आली.

या मॅडम नागपूरला असतात, पण मूळच्या आपल्याच बाजूच्या, ब्रह्मपुरीकडच्या. माणसाचं शरीर मेहनत करताना काय काय करतं, हा त्यांचा अभ्यास. जीपमधून त्यांनी काय काय उतरवलं म्हणून सांगू! एक आवाजाचा डबा. चुन्याची पिशवी. जागच्या जागी चालवायची, कुठेच न जाणारी एक सायकल. आणि एक मुखवटा, नळ्या लावलेला. तो पाहून पहिलीतली दोन पोरं रडायलाच लागली. मॅडम मुलांना सामान दाखवत होत्या, आणि तेवढ्यात रीतानं तो पैजेचा प्रश्न विचारला.

सगळी पोरं खी खी हसली. "जिले दम हाय तेच इचारून राह्यली, दम मोजता का म्हणून!"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या येऊन रीताजवळ उकिडव्या बसल्या. "मोजता येतो ना. पण मोजायचा कसा, यावरच भांडण आहे. मी त्यासाठीच आले आहे."

मग त्यांनी समजावलं. सगळ्यात खरं सांगतो तो मुखवटा. आपण श्वासातून हवा आत घेतो, तिच्यातला किती प्राणवायू शरीरानं खरोखर वापरला, ते तो नळीतून मोजतो. माणूस दमून पार थांबेपर्यंत तो आकडा जितका वर जातो, तितका त्याचा दम. पण मुखवटा महागडा. गावागावात कसा नेणार? म्हणून लोकांनी स्वस्तातल्या युक्त्या काढल्या. आवाजावर पळायचं. बारा मिनिटं मैदानाला फेऱ्या मारायच्या. नाहीतर पायरीवर चढ-उतर करायची. या युक्त्या दम मोजत नाहीत, दमाचा अंदाज सांगतात. "कुणाचा अंदाज मुखवट्याच्या जास्त जवळ जातो, ते मला बघायचं आहे. म्हणून प्रत्येकानं सगळं करायचं. पायरी आहे का तुमच्याकडे?"

आणि रीता टुणकन उठली. "हा का मॅडम?"

मित्रांनो, माझ्या फळ्यांत काय झालं ते मला सांगता येत नाही!

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्या मुलीचा दम सगळ्यांत चांगला निघेल, तिला उन्हाळ्यात नागपूरच्या धावण्याच्या शिबिरात जागा मिळणार होती. एकच जागा. ते ऐकताना रीताचा हात माझ्या कडेवर होता. तो हळूच घट्ट झाला.

दुसऱ्या दिवशी कुंताबाई टोपली डोक्यावर घेऊनच शाळेत आल्या. मागून मनसाराम, खांद्यावर ओलं जाळं.

"मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या. माह्या पोरीले दम हाय. तिले काही झालं त कोण पाह्यन?"

आरोग्य केंद्राचे डॉक्टर आलेच होते. सगळ्या मुलांना तपासल्याशिवाय मॅडम कुणाला पळवणार नव्हत्या. डॉक्टरांनी रीताची छाती पुढून ऐकली, मागून ऐकली, एका नळीत फुंकायला लावलं. "बाई, लहानपणी असेल. आता छाती साफ आहे. मी इथंच उभा राहतो, मग तर झालं?"

कुंताबाईंचा विश्वास बसेना. तेव्हा मनसाराम म्हणाले, "मासोळी पाळीवर आणून ठेवशीन त ते धापाच टाकन ना वं! पाण्यात सोडून त पाह्य एकडाव."

"तुमचं तोंड अन् तुमची मासोळी!" असं म्हणत कुंताबाई चिंचेखाली बसल्या. पण 'नाही' म्हणाल्या नाहीत.

आवाजाचं पळणं सुरू झालं. मैदानात चुन्याच्या दोन रेघा. डबा 'टीं' करायच्या आत समोरच्या रेघेवर पोचायचं, पुढच्या 'टीं'ला परत. 'टीं' हळूहळू जवळ जवळ येत जातात. शेवटी डबा जिंकतो आणि माणूस हरतो. किती वेळानं हरतो, तोच त्याचा हिशेब. रीता तिच्या मैत्रिणीच्या, सोमारीच्या शेजारी उभी राहिली. सोमारी जरा जाडी, हसरी, आणि पळण्यात कच्ची. थोड्याच वेळात सोमारी मागे पडली. आणि रीता? रीता थांबली! मध्येच वळून तिच्याकडे गेली. डबा 'टीं' करून पुढे निघून गेला आणि दोघी बाद.

"पाह्यलं?" कुंताबाई ताडकन उठल्या. "मी सांगत नव्हती का?"

त्या दिवशी बारा मिनिटांच्या फेऱ्यांमध्येही तेच झालं. रीता सोमारीच्या खांद्याला खांदा लावून चालत-पळत राहिली. आकडा आला तो शेवटून दुसरा. उर्वशी कुजबुजली, "बोरं वापस दे वं, तुह्यात त काहीच नाई." रीता तिथून निघाली. माझ्यावर येऊन बसली. मला तिची छाती ऐकू आली. ती धापत नव्हती हो! अजिबात धापत नव्हती!

तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली.

माझ्यावर एका वेळी एकच जण चढू शकतो. मॅडमनी ताल लावला. रीतानं चप्पल काढली आणि पाय ठेवला. वर, वर, खाली, खाली. मित्रांनो, इतकी वर्षं मी पोरांचं वजन झेललं आहे. काही पाय आदळतात, काही घसरतात, काही शेवटी नुसते लोंबतात. रीताचे पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे पडले. तिची धडधड वाढली, पण घाबरून नाही. कामाला लागल्यासारखी वाढली. मॅडमनी "थांब" म्हटलं, तिला खाली बसवलं आणि मनगट धरलं. आणि मग ती धडधड जी उतरायला लागली! ढोल वाजवणारा अचानक हात आवरतो, तशी. मला ती माझ्या फळीत विझताना कळत होती. केवढं हे हृदय! एका मुठीएवढं आणि त्याला इतकं कळतं, केव्हा धावायचं आणि केव्हा निवायचं!

मॅडमनी घड्याळ हलवून बघितलं. गळ्याची नाडी धरून परत मोजलं. मग म्हणाल्या, "रीता, पोटभर विसावा घे आणि परत एकदा चढ." परत तेच.

"तीन युक्त्या आणि दोन उत्तरं," मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या. "पळणं म्हणतं हिच्यात काही नाही. ठोकळा म्हणतो भरपूर आहे. कोण चुकतंय?"

मी चुकू शकतो, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? ज्याचे पाय आखूड, त्याला मी उंच पडतो. कुणी चहा पिऊन आलं, कुणी घाबरलं, ऊन चढलं, की नाडी वाढते आणि माझा अंदाज ढळतो. मोजणाऱ्याचं बोट चुकलं तर मग संपलंच. त्या क्षणी मलाच माझी भीती वाटली. मी या पोरीला खोटी आशा तर नाही ना दाखवली?

मग तो मुखवटा आला. रीता त्या कुठेच न जाणाऱ्या सायकलवर बसली. तोंडावर मुखवटा, छातीला पट्टा. मॅडम सायकल जड करत गेल्या. आणखी जड. आणखी. सगळी शाळा गोल करून उभी होती. ऐकू येत होता तो फक्त नळीतून येणारा श्वास, खोल, मोठा. कुंताबाई डोळे मिटून बसल्या होत्या. आणि मॅडमच्या पडद्यावरचा आकडा चढत होता, चढत होता. रीतानं हात वर करून "बस" केलं, तेव्हा मॅडमच्या हातातला पेन खाली पडला.

"ठोकळा खरं बोलत होता," त्या म्हणाल्या. "इतक्या शाळा फिरले, मुलींत इतका आकडा बघितला नव्हता."

हे ऐकलं आणि माझा उडालेला लाल रंग परत आल्यासारखं वाटलं मला!

मग मॅडमनी विचारलं, "रीता, मग पळताना थांबलीस काऊन?" नागपूरच्या मॅडमच्या तोंडून 'काऊन' निघालं, तशी पोरं हसली. रीताला मात्र प्रश्नच कळेना.

"सोमारी मागं राह्यली ना, मॅडम."

"मग?"

"मग काय? सोबतीणीले सोडून कोणी जाते का?"

इथल्या प्रत्येकाला ते कळलं. मोहफुलं वेचायला बाया आणि पोरी जंगलात जातात तेव्हा वाघाची भीती असते. म्हणून एकमेकींना आवाज देत राहायचं. आवाज आला नाही की थांबायचं. मागे राहिलेलीला टाकून पुढे जायचं नाही, काही झालं तरी नाही. रीता चालायला शिकली तेव्हापासून हेच शिकली. तिच्या पायांना मैदान आणि जंगल वेगळं कुणी सांगितलंच नव्हतं! चुन्याच्या रेघेला काय माहीत, की ही पोरगी दमून थांबली नाही, माया करून थांबली?

"माही माय पण असाच आवाज द्यायची," मॅडम हळू म्हणाल्या. मग सोमारीकडे वळल्या. "काय करायचं, सोमारी?"

सोमारीनं डोकं खाजवलं. मग ती धावत आली आणि थेट माझ्यावर चढली! "मी इथी उभी राह्यतो. आवाज देतो. मंग ते थांबनार नाई."

चौथ्या दिवशी परत आवाजाचं पळणं लागलं. डबा 'टीं' म्हणाला. रीता निघाली, आणि दोन रेघांनंतर सवयीनं मान वळवली. माझ्यावरून सोमारी ओरडली, "ओ रीता! मी आहो इथी! पळ वं!" रीतानं मान पुढे केली.

आणि मित्रांनो, मग जे झालं ते मी मरेपर्यंत, म्हणजे माझी ढलपी होईपर्यंत, विसरणार नाही. 'टीं' जवळ जवळ येत गेले. उर्वशी बाद झाली. मोठ्या वर्गातल्या पोरी बाद झाल्या. पोरं बाद झाली. मैदानात रीता एकटी उरली. दर दोन रेघांनी सोमारी हाक द्यायची, "मी आहो!", आणि तिच्या पायांचा दणका माझ्या अंगात उमटायचा. हळूहळू सगळी शाळाच आवाज द्यायला लागली. "आम्ही आहो इथी! पळ!" उर्वशी तर सगळ्यांत मोठ्यानं! चिंचेवरची पाखरं उडाली. रीताचे पाय जमिनीला लागत होते की नव्हते, देव जाणे. शेवटी डबा जिंकला. पण त्यालाही चांगलाच घाम फुटला असेल.

मॅडमनी मग सगळ्या मुलांचे आकडे ताडून पाहिले. बहुतेकांच्या बाबतीत आवाजाचं पळणंच मुखवट्याच्या जास्त जवळ गेलं होतं, माझ्यापेक्षाही. मी काही ठिकाणी बराच चुकलो होतो. त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरंच. पळणं पायांना आणि जिद्दीला विचारतं. मी हृदयाला विचारतो. मुखवटा श्वासालाच विचारतो. नुसत्या पळण्याच्या उत्तरावर भरवसा ठेवला असता, तर रीता माझ्यावर बसूनच राहिली असती.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. शाळेच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल, तर त्याला पावसात भिजू देऊ नका, वर्षातून एकदा रंगाचा हात फिरवा. आणि त्याच्यावर कुणी रोज एकटं बसलेलं दिसलं, तर जाऊन विचारा, तू का बसली आहेस? ठोकळा बसण्यासाठी नसतो. चढण्यासाठी असतो.

आता शेवटची गोष्ट. काल शाळेच्या ओसरीवर मनसाराम आणि कुंताबाईंना बोलावलं होतं. शिबिराची जागा रीताला मिळाली होती, पण आई-बापाची परवानगी हवी. खुर्ची एकच होती. तिच्यावर मनसाराम बसले आणि कुंताबाई माझ्यावर. त्यांची धडधड मला ऐकू येत होती. ती भीतीची होती. पोरीला पोटाशी धरून एसटीत उभी असलेली बाई अजून त्यांच्या आत उभीच होती.

"नागपूर काय जवळ हाय? एकटी कशी राह्यशीन? रातबेरात छाती भरली त?"

मनसाराम म्हणाले, "पाण्यात सोडली ना, आता पोहू दे."

"तुम्ही चूप बसा!" असं म्हणत कुंताबाईंनी रीताकडे बघितलं.

रीता जवळ आली. "माय, जराशीक उठ."

कुंताबाई उठल्या. रीतानं मला ओसरीच्या मधोमध ओढलं. चप्पल काढली आणि माझ्यावर चढली. तळपाय गार होते, पण धडधड तीच, दुपारच्या तलावासारखी. अंगणात सोमारी उभी होती. तिनं तिथूनच आवाज दिला, "मी आहो वं!"

रीता हसली. मग आईकडे बघून म्हणाली, "माय, एकटी कायले? आवाज देनारे लय हायेत मले. आन आतापासून कोणी इचारलं त 'हिले दम हाय' नोको म्हनू. 'हिच्यात दम हाय' म्हन. बाबा, माही थैली भरून ठेवा. मी नागपूरले जाऊन राह्यली."